चुकलेल्या अंदाजाचं बिल

श्रोतेहो, नमस्कार.

आज एकाच वर्षाबद्दल बोलायचं आहे, 2020-21 बद्दल. जानेवारी 2020 च्या अखेरीस संसदेत आर्थिक पाहणी अहवाल मांडला गेला. येत्या वर्षात देशाची अर्थव्यवस्था 6 ते 6.5 टक्क्यांनी वाढेल, असं त्यात म्हटलं होतं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. एप्रिलच्या मध्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी म्हणाला, 1.9 टक्के वाढ होईल. जूनमध्ये तोच नाणेनिधी म्हणाला, उणे 4.5. ऑक्टोबरमध्ये उणे 10.3. त्याच महिन्यात आपल्या रिझर्व्ह बँकेचा अंदाज होता उणे 9.5, आणि डिसेंबरमध्ये तिनेच तो उणे 7.5 वर आणला.

वर्ष संपल्यावर तरी आकडा एका जागी बसावा ना? मे 2021 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने उणे 7.3 सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये ते उणे 6.6 झालं, फेब्रुवारी 2023 मध्ये उणे 5.8. म्हणजे वर्ष सरून जवळजवळ दोन वर्षं उलटली, तरी ते नेमकं किती वाईट गेलं यावर हिशेब चालूच होता.

यावरून अर्थतज्ज्ञांची टिंगल करणं फार सोपं आहे. मी ती करणार नाही. साथ येणार हे जानेवारीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि नंतरच्या दुरुस्त्यांनाही कारण असतं. पहिला आकडा घाईत काढावा लागतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे तिमाही निकाल, सिमेंट आणि पोलादाचा खप, रेल्वेची मालवाहतूक, बँकांतल्या ठेवी, असं जे हाताशी असेल त्यावरून तो काढतात. नाक्यावरचा वडापाववाला, घरी बसून ब्लाउज शिवणारी बाई किंवा तीन कामगारांचं वेल्डिंगचं दुकान यांचे निकाल कुठेच जाहीर होत नाहीत. मोठ्यांचं जे झालं साधारण तेच छोट्यांचं झालं असेल, असं बऱ्याच अंशी धरून चालतात. एरवी ते खपून जातं. पण 2020 मध्ये मोठी कंपनी तगली आणि छोटं दुकान बसलं, असं चित्र गावोगाव होतं, आणि नेमकं तेच त्या आकड्यांत नीट उतरत नव्हतं.

31 ऑगस्ट 2020 ला एप्रिल ते जून या तिमाहीचा आकडा आला: उणे 23.9 टक्के. बांधकाम निम्म्यावर. व्यापार, हॉटेलं आणि वाहतूक 47 टक्क्यांनी खाली. शेती तेवढी 3.4 टक्क्यांनी वर. माहिती गोळा करण्यातच टाळेबंदीची अडचण आली, हे सांख्यिकी कार्यालयाने त्याच पत्रकात लिहून टाकलं होतं. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

तर अंदाज चुकला याची माझी तक्रार नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: तो चुकला की बिल कुणाच्या नावावर फाटतं?

केंद्राचा अर्थसंकल्प अशाच एका अंदाजावर उभा असतो, फक्त तो महागाई धरून केलेला, चालू किमतींतला असतो. कर भरला जातो तो आजच्या रुपयांत, त्यामुळे हिशेबही आजच्या रुपयांतच करावा लागतो. 2020-21 साठी ही वाढ 10 टक्के धरली होती आणि तिच्या भरवशावर 24.23 लाख कोटींचा एकूण कर येईल असं मांडलं होतं. प्रत्यक्षात आला 20.27 लाख कोटी. चार लाख कोटींचं भगदाड. एप्रिल 2020 मध्ये जीएसटीची वसुली 32 हजार कोटींच्या घरात होती. आदल्या वर्षी त्याच महिन्यात ती 1 लाख 13 हजार कोटींच्या वर होती.

मंदीत सरकारने कर्ज काढून खर्च करावा, हे अर्थशास्त्राचं पुस्तक सांगतं, आणि सरकारने कर्ज काढलंही. वित्तीय तूट, म्हणजे कर्जाने भरून काढायची खर्चाची बाजू, देशाच्या उत्पन्नाच्या 3.5 टक्क्यांवर ठेवायची होती, ती 9 टक्क्यांच्या पुढे गेली. त्यावर माझा आक्षेप नाही. पण तेवढ्याने भागेना, तेव्हा हात गेला पेट्रोल-डिझेलकडे.

इथे जरा थांबू या, कारण खरी गंमत इथे आहे. एप्रिल 2020 मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सरासरी 20 डॉलरच्या आसपास उतरला होता. पंपावरचा दर मात्र तसा उतरला नाही. मार्चमध्ये केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे 3 रुपयांनी वाढवलं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवर आणखी 10 आणि डिझेलवर 13 रुपये चढवले. पेट्रोलवरचं केंद्राचं शुल्क झालं 32 रुपये 98 पैसे, डिझेलवरचं 31 रुपये 83 पैसे. जगात तेल स्वस्त झाल्याचा फायदा तुमच्या टाकीत न पडता तिजोरीत गेला. 1 जूनला महाराष्ट्र सरकारनेही आपले 2 रुपये वर ठेवले. त्यांचीही तिजोरी रिकामीच होती.

रस्त्यावर गाड्या कमी धावल्या, खप घसरला, तरी केंद्राचं उत्पादन शुल्क सुमारे 2.4 लाख कोटींवरून 3.9 लाख कोटींवर गेलं. त्याच वर्षी कंपन्यांकडून येणारा कर 5.57 लाख कोटींवरून 4.57 लाख कोटींवर आला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. नफ्यावरचा कर नफा आटला की आपोआप आटतो. डिझेलवरचा कर नफा-तोटा बघत नाही. रोटाव्हेटर मारणारा शेतकरी त्या हंगामात तोट्यात होता की फायद्यात, हे पंपावर कुणी विचारत नाही.

आणि त्या 32.98 रुपयांतून राज्यांच्या वाट्याला काय? यातलं फक्त मूळ उत्पादन शुल्क राज्यांशी वाटून घ्यावं लागतं. ते होतं 2 रुपये 98 पैसे. बाकीचं विशेष अतिरिक्त शुल्क आणि रस्त्यांसाठीचा सेस (ठरावीक कामासाठी लावलेला जादा कर), म्हणजे सगळं केंद्राचं. फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात शेतीच्या नावाने आणखी एक सेस आला आणि मूळ शुल्क 1 रुपया 40 पैशांवर उतरलं. ग्राहकाला फरक जाणवला नाही, राज्यांना जाणवला. परभणीचं पेट्रोल मुंबईहून महाग असतं अशी तिथल्या लोकांची जुनी कुरकुर आहे, कारण ते लांबून टँकरने येतं. त्या महाग लिटरमधूनही महाराष्ट्राकडे परत येणारा केंद्रीय कराचा वाटा पैशांत मोजावा असा होता.

आता थोडं मागे जाऊ. 2019 च्या एप्रिल-जून तिमाहीची वाढ 5 टक्क्यांवर आली होती, म्हणजे साथीच्या आधीच गाडी मंदावली होती. 20 सप्टेंबर 2019 ला जीएसटी परिषदेसाठी पणजीत आलेल्या अर्थमंत्र्यांनी सकाळीच पत्रकार परिषद घेतली. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना कर 22 टक्के, आणि नव्या कारखानदारी कंपन्यांना 15 टक्के. सरकारच्याच हिशेबाने वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी. सेन्सेक्स त्या दिवशी 1,900 अंशांहून जास्त उसळला. कर कमी झाला की कंपन्या गुंतवणूक वाढवतील, असा तर्क होता. पण माल घ्यायला गिऱ्हाईक नसेल तर मिळालेल्या सवलतीतून कुणी नवी शेड बांधत नाही. आधी कर्ज फेडतो. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की मागणी आटलेली असताना हा चुकीचा नळ सोडला. साथ आली आणि या निर्णयाची खरी परीक्षा व्हायची ती राहूनच गेली. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही यामुळे सोय झाली.

राज्यांच्या जीएसटी भरपाईचं थोडक्यात सांगतो. जीएसटी आल्यावर राज्यांचा महसूल पाच वर्षं दर साल 14 टक्क्यांनी वाढेल, कमी पडला तर केंद्र भरून देईल, अशी हमी कायद्यात होती. 14 टक्के हाही एक अंदाजच, आणि बराच उदार. भरपाईला पैसे कमी पडले, ऑगस्ट 2020 च्या बैठकीत अर्थमंत्र्यांनी साथीला 'देवाची करणी' म्हटलं, राज्यं भडकली, आणि शेवटी केंद्राने दोन वर्षांत 1.10 आणि 1.59 लाख कोटी कर्जाने उचलून राज्यांना दिले. ते फेडण्यासाठी भरपाई सेसची मुदत मार्च 2026 पर्यंत वाढवली. ठरल्याप्रमाणे तो जून 2022 मध्ये संपायचा होता.

मंदीत कर घटवण्याचं एक उदाहरण मात्र घरचंच आहे. महाराष्ट्राने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची कपात केली. मुंबईत 5 चे 2 टक्के झाले. जानेवारी ते मार्च 2021 मध्ये दर 3 टक्के. 80 लाखांच्या फ्लॅटवर 4 लाखांऐवजी 1 लाख 60 हजार. डिसेंबरात दुय्यम निबंधक कार्यालयांपुढे रांगा लागल्या. त्या महिन्यात एकट्या मुंबईत साडेएकोणीस हजारांच्या आसपास दस्त नोंदले गेले. पक्की मुदत, थेट ग्राहकाच्या हातात पडणारी रक्कम आणि नंतर पूर्ववत दर, म्हणून ही कपात लागू पडली. जर्मनीने त्याच सुमारास सहा महिन्यांसाठी विक्रीवरचा कर 19 वरून 16 टक्के केला, तोही याच हिशेबाने. अर्थात 80 लाखांचा फ्लॅट घेणारा आणि पंपावर शंभराचं पेट्रोल भरणारा डिलिव्हरीवाला, यांतल्या कुणाला सवलत मिळाली आणि कुणावर बोजा पडला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मग उभारी आली. एप्रिल-जून 2021 ची वाढ: 20.1 टक्के! मथळे मोठे झाले. पण रक्कम ऐका. 2019 च्या त्या तिमाहीत उत्पन्न होतं 35.66 लाख कोटी. 2020 मध्ये 26.95. 2021 मध्ये 32.38. वीस टक्के चढूनही आपण दोन वर्षांपूर्वीच्या खालीच होतो.

आणि आता अंदाज उलट्या बाजूला चुकला. 2021-22 साठी चालू किमतींतली वाढ 14.4 टक्के धरली होती, हंगामी, म्हणजे वर्ष संपल्यावरच्या पहिल्या तात्पुरत्या, आकड्यानुसार ती 19.5 निघाली. त्यात महागाईचाही वाटा होता. कर 22.17 लाख कोटी येईल असं मांडलं होतं, आला 27.09 लाख कोटी. जवळजवळ पाच लाख कोटी जास्त. भगदाड पडलं तेव्हा डिझेलचे 13 रुपये एका रात्रीत चढले होते. ते उतरायला सुरुवात झाली नोव्हेंबर 2021 मध्ये, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी: पेट्रोल 5, डिझेल 10. पुढचा हप्ता मे 2022 मध्ये. मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली ती त्याआधी, मे 2021 मध्येच.

अंदाज करणारा आणि त्यावर खर्चाचं गणित बसवणारा एकच असू नये, ही सूचना नवी नाही. एन. के. सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2017 मध्येच स्वतंत्र वित्तीय परिषद नेमा असं सुचवलं होतं. ब्रिटनमध्ये असं कार्यालय 2010 पासून आहे; सरकारला न आवडणारे आकडे ते जाहीरपणे छापतं. आपल्याकडे ती शिफारस कागदावरच आहे.

तोवर एक काम तुम्ही-आम्ही करू शकतो. 1 फेब्रुवारीला भाषण संपलं की अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर 'बजेट ॲट अ ग्लान्स' नावाची छोटी पुस्तिका येते. तिच्यात तळाला बारीक अक्षरांत एक टीप असते: पुढच्या वर्षी चालू किमतींत किती टक्के वाढ गृहीत धरली आहे. तो आकडा वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी मेअखेरीस हंगामी आकडे आले की शेजारी नवा आकडा लिहा. मग त्या वर्षात पेट्रोल, गॅस आणि सेस यांचं काय झालं ते तिसऱ्या रकान्यात.

नमस्कार.