रिकाम्या रस्त्यावर शिकलेले हात

मंडळी, आधी ही वही दाखवतो. मागच्यांना दिसणार नाही, मी वाचून सांगतो. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याला दोन वह्या ठेवाव्याच लागतात. फॉर्म १४ म्हणजे कोण कधी दाखल झालं त्याची, आणि फॉर्म १५ म्हणजे कोणी किती वेळ गाडी चालवली त्याची. ही फॉर्म १५ ची आहे. या पानावर एक ओळ आहे, २१ मार्च २०२०, शनिवार, सकाळी सात ते साडेसात. पुढे शिकणाऱ्याची सही. त्याखाली कोरं.

दुसऱ्या दिवशी रविवारी जनता कर्फ्यू होता. मी म्हटलं, चला, एक दिवसाचा खाडा. सोमवारी एसटी थांबली, जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, आणि मंगळवारी रात्री बारापासून सगळा देशच बंद. त्या कोऱ्या जागेत मी तेव्हा पेन्सिलीनं ‘लॉकडाऊन’ असं लिहून ठेवलं होतं. त्याच्या खालची ओळ आहे पावसाळ्यातली. शाई वेगळी, सही वेगळी. शनिवारी सही करणारा पोरगा परत आलाच नाही.

आज मला जे सांगायचं आहे ते त्या पेन्सिलीच्या जागेबद्दल आहे. कारण वहीत ती कोरी असली तरी गावात ती कोरी नव्हती.

कायदा काय म्हणतो ते आधी थोडक्यात. लर्निंग काढलं की ते सहा महिने चालतं. पक्क्या लायसनची परीक्षा निदान तीस दिवस तरी देता येत नाही. हे तीस दिवस कशासाठी? शिकण्यासाठी. आमच्यासारख्या स्कूलला कारसाठी किमान एकवीस दिवसांचा अभ्यासक्रम आणि दहा तास प्रत्यक्ष चालवणं असा नियम आहे. म्हणजे लर्निंग आणि पक्कं लायसन यांच्यामध्ये माणसानं रस्त्यावर काही दिवस घालवलेत, हे कायद्यानं गृहीत धरलं आहे. लॉकडाऊननं नेमका तोच मधला तुकडा उचलून नेला. दोन्ही टोकांचे कागद पुढे मागे मिळाले. मधला तुकडा कोणी परत केला नाही.

आपल्या भागात परीक्षा कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. आरटीओ ऑफिस यवतमाळला, आपल्याला चाळीसेक किलोमीटर. प्रत्येकानं तिकडे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. म्हणून तालुक्याला ठरलेल्या दिवशी कॅम्प लागतो. निरीक्षक साहेब येतात, मैदानावर फक्कीनं एच आखलेला असतो, दुचाकीवाल्यांसाठी आठचा आकडा. पोरं सकाळपासून झाडाखाली रांगेत, चहावाल्याचा धंदा जोरात, कोणाच्या गाडीला आरसा नाही म्हणून दुसऱ्याची मागून आण. जत्राच ती. अर्थात गर्दी म्हटली की पहिला कॅम्प बंद होणार. कार्यालयं सुरू झाल्यावरही रोज मोजक्याच लोकांना वेळ मिळायची, आणि ती वेळ मिळवायला मोबाइलवर रात्री जागावं लागायचं.

माझी अल्टो तेव्हा लिंबाखाली उभी होती. डबल कंट्रोलची गाडी, म्हणजे माझ्या पायाशीही क्लच आणि ब्रेक. ती भाड्यानं देता येत नाही, घरच्या कामाला वापरता येत नाही, ती फक्त शिकवण्यासाठी. मे महिन्यात बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायरिंगचा भुगा करून ठेवलेला. हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत होती, पण व्याज काही थांबलं नव्हतं. असो. माझं रडगाणं नको, सगळ्यांचंच तसं होतं.

आता गावाकडे या. एसटी बंद, काळीपिवळी बंद. कापूस घरात पडून, खरेदी थांबलेली. औषध आणायचं तर घरात गाडी चालवणारा माणूस पाहिजे. म्हणजे बघा, ज्या महिन्यांत आमची स्कूलं बंद होती, त्याच महिन्यांत गाडी चालवता येण्याची गरज कधी नव्हती एवढी वाढली. आणि शिकवायला माणसं होती! पुण्या-मुंबईहून परतलेली पोरं अंगणात कार लावून रिकामी बसलेली. समोर मोकळा रस्ता. ना ट्रक, ना बंडी, ना ढोरं, ना आठवडी बाजार. मग काय, चुलत भावानं चुलत भावाला शिकवलं, जावयानं साळ्याला. माझा अंदाज विचाराल तर त्या उन्हाळ्यात आपल्या तालुक्यात जेवढे लोक गाडी शिकले, तेवढे माझ्याकडे पाच वर्षांत आले नसतील. फक्त त्यांची नोंद कुठल्या वहीत नाही.

एक आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्ती, माझ्याकडे आल्या होत्या. फेब्रुवारीत लर्निंग काढलेलं, आणि मार्चपासून घरोघरी सर्व्हे सुरू. त्यांच्याकडे दोन गावं आणि एक पोड, म्हणजे आदिवासी वस्ती. नवरा रोज सोडायचा, पण त्याचं वखरणीचं काम लागलं. मला म्हणाल्या, “दादा, मले एक्झाम नाई पायजे. पाय न टेकवता पांदणीनं स्कुटी नेता आली म्हंजे झालं, बाकी मी पाहून घेतो.” आता नियम असा की शिकाऊ माणसानं एकट्यानं गाडी न्यायची नाही, मागे लायसनवाला शिकवणारा बसलेला पाहिजे. मागे बसणार कोण, दोन मीटर अंतर ठेवा म्हणत असताना? मी झेडपीच्या शाळेच्या मैदानावर सकाळी सहाला त्यांना चार दिवस शिकवलं. मी लांब उभा राहून ओरडायचो, त्या चालवायच्या. पाचव्या दिवशी त्या एकट्याच निघाल्या. नाक्यावर पोलिसानं गळ्यातलं ओळखपत्र बघितलं आणि जाऊ दिलं. हे चूक होतं. मी केलं. व्यासपीठावरून सांगतोय, साहेब लोक बसलेत, तरी सांगतो.

दुसरा एक पोरगा. त्याला वणीकडे कोळशाच्या टिप्परवर काम मिळणार होतं. ट्रान्सपोर्टसाठी आधी हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं असावं लागतं, ते त्यानं धीर धरून पुरं केलेलं. पुढची परीक्षा राहिली. मालवाहतूक तर चालूच होती, ड्रायव्हर हवेच होते. पण कागद नाही म्हणून हा किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, बनून शेजारच्या सीटवर बसला, ते पुढचं वर्षभर. टिप्पर त्याला उत्तम येत होता.

म्हणजे ज्याला येत होतं त्याला कागद नव्हता. आणि आता उलटं सांगतो.

पावसाळ्यात स्कूल सुरू झालं. मास्क, सॅनिटायझर, काचा खाली, प्रत्येकानंतर स्टेअरिंग आणि गिअरची मूठ पुसायची. तरी शिकणारा आणि मी यांच्यात अंतर किती? गिअरच्या दांडीएवढं. तेव्हा एक तरुण आला. मोठा ऐटीत. म्हणाला, “सर, मले गाडी येते. फक्त लायसन पायजे.” विचारलं, किती चालवली? “तीन महिने. पार दिग्रसलोक जाऊन आलो, एक डाव बंद नाई पडली.” बसवलं. खरंच छान चालवत होता. चौथा गिअर, सरळ हात, वळणावर ब्रेक. मीच जरा ओशाळलो, म्हटलं याला काय शिकवणार? तोवर बाजार पुन्हा भरायला लागले होते. मी गाडी बाजाराच्या रस्त्याला घ्यायला लावली.

पन्नास पावलांत दोनदा बंद. समोर एक म्हातारी ताडपत्री ओढत होती, डावीकडे सायकल, उजवीकडून बैल शिंगं हलवत. याचा पाय क्लचवरून सटासट सुटायचा. हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा दाबून गाडी हळूहळू सरकवणं, त्याला कधी लागलाच नव्हता. हॉर्नवर हात ठेवून बसला आणि मला म्हणतो, “सर, हे लोक बाजूले काहून नाई होऊन राहिले?”

मंडळी, त्या प्रश्नानं मी हसलो आणि रात्री झोपलो नाही. या पोरानं लोक असलेला रस्ता बघितलाच नव्हता. त्याच्या लेखी रस्ता म्हणजे मोकळी जागा, आणि माणूस म्हणजे त्यात आलेली अडचण. पुढे त्यानं एच काढला, पहिल्या झटक्यात पास झाला. होणारच. एच कुठे काढतात? मोकळ्या मैदानात. लॉकडाऊनमध्ये अख्खा तालुकाच ते मैदान झाला होता, आणि त्यानं तीन महिने त्याच मैदानावर सराव केला होता.

आता मुदतवाढीचं. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं ३० मार्च २०२० ला कळवलं, की १ फेब्रुवारीनंतर मुदत संपलेले कागद ३० जूनपर्यंत चालतील असं धरा. मग ते सप्टेंबर झालं, मग डिसेंबर, मग पुढच्या वर्षीचा मार्च, जून, सप्टेंबर, आणि शेवटी ३१ ऑक्टोबर २०२१. लर्निंगही त्यात धरली गेली. माझ्याकडच्या एका मुलीनं ऑगस्ट २०१९ मध्ये लर्निंग काढलं होतं. मधे तिचं लग्न झालं, ती अकोल्याला गेली, बाळ झालं, बाळ चालायला लागलं, तरी आईचं लर्निंग चालूच! सहा महिन्यांचा कागद सव्वादोन वर्षं पुरला. मुदतवाढ द्यायलाच हवी होती, तिला माझा विरोध नाही. लोकांनी काय करायचं होतं दुसरं? पण तारीख पुढे नेताना कोणी एवढंही म्हटलं नाही, की बाई, तू दीड वर्ष स्टेअरिंगला हात लावला नाहीस, आधी दोन तास गर्दीत चालवून ये, मग परीक्षेला बस. माझं म्हणणं एवढंच होतं. दोन तास. आजही तेच आहे.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारवर घरबसल्या लर्निंग सुरू झालं. चांगलंच झालं, चाळीस जाऊन चाळीस येणं वाचलं. पण खेड्यात आधारला जोडलेला नंबर भलत्याच माणसाचा असतो. आमच्याकडे एकाचा ओटीपी चाकणला कंपनीत असलेल्या भावाच्या फोनवर जायचा. त्याची शिफ्ट सुटल्याशिवाय इकडे लर्निंग पुढे सरकेना. बरं, घरी परीक्षा म्हटल्यावर चिन्हं ओळखणारा कोण आणि लायसन कोणाच्या नावावर, हे तुम्ही मला विचारू नका.

पुढे दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप लागला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत. पुन्हा तीच गोष्ट, घरात चालवणारा पाहिजे. त्यानंतर ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी नागपूर ते शिर्डी सुरू झाली, तर पोरं विचारतात, सर, आम्हाला समृद्धीवर कधी नेता? तिथं काय शिकवू? तोही मोकळाच रस्ता. तिथं झोप न लागू देणं शिकावं लागतं, आणि ते मला अर्ध्या तासाच्या क्लासमध्ये शिकवता येत नाही.

शेवटी एक सांगून थांबतो. एप्रिल २०२१, दुसरी लाट. रात्री दोनला फोन. आमच्या गावचे निवृत्त गुरुजी, वय एकसष्ट. त्यांच्या बाईंना दम लागलेला, रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. कार अंगणात झाकून ठेवलेली, मुलानं घेतलेली, आणि मुलगा पुण्यात. मी गेलो तर बॅटरी उतरलेली. शेजारी दारात उभे, पण जवळ येईना कोणी. त्यांचाही दोष नाही. शेवटी गुरुजींचा एक जुना विद्यार्थी तोंडाला गमछा गुंडाळून आला, त्यानं आणि गुरुजींनी धक्का दिला. चारही काचा उघड्या ठेवून आम्ही यवतमाळच्या मेडिकलला पोचलो. बाई वाचल्या. सकाळी परत येताना गुरुजी बाजूच्या सीटवर बसून माझे पाय बघत होते, अगदी निरखून. गावाजवळ आल्यावर म्हणाले, “हे तीन आहेत न? मधला ब्रेक?”

पावसाळ्यात त्यांनी नाव घातलं. चाळिशीच्या पुढच्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ते आणलं. पेट्रोल शंभरीपार गेलेलं, मी फी घेत नव्हतो, ते देत होते, त्यावरून रोज भांडण. वह्या तपासणारा माणूस, त्यामुळे गिअर बदलतानाही आधी मान हलवून मनाशी खात्री करायचे. एच जमला, चढावर गाडी मागे न जाऊ देणं जमलं. राहिला बाजार. तेव्हापासून माझा नियमच आहे, बाजाराच्या दिवशी गाडी बाजारातून नेल्याशिवाय फॉर्म ५ वर, म्हणजे शिकल्याच्या प्रमाणपत्रावर, मी सही करत नाही. कायद्यात हे नाही.

दिवाळीच्या आधीचा बाजार होता, पाय ठेवायला जागा नाही. गुरुजी पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, घामाघूम. गाडी मुंगीसारखी सरकतेय, पण बंद पडत नाहीये. तेवढ्यात एका भाजीवाल्या बाईनं वांग्याची टोपली सरळ आमच्या बॉनेटवर ठेवली आणि गिऱ्हाइकाला द्यायचे सुटे पैसे मोजायला लागली. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं.

“आता हो?”

मी म्हटलं, “न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा. मोजू द्या तिला.”