कडक लागतंय म्हणून हवा सोडू नका

(नेरूळला एका मित्राच्या गाळ्यात रविवारी सकाळी बोललो ते, थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी. मागे खुर्च्या संपल्यात वाटतं, तर त्या जुन्या टायरांवर बसा, आपल्याला सवय आहे. मातीत उड्या मारणाऱ्या मोटोक्रॉस बाईकच्या फोर्कमधल्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन सस्पेन्शनच्या पायांमधल्या, हवेवर बोलायला चाललोय आणि ते ऐकायला माणसं येणारेत असं घरी सांगितलं तेव्हा बायको दोन मिनिटं हसत होती.

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. गेल्या मे महिन्यात आम्ही चार जण पिकअपमध्ये बाईक टाकून कर्जतच्या बाजूला एका शेतातल्या ट्रॅकवर गेलेलो. सकाळी साडेसहाला गार हवेत मी पुढच्या फोर्कमध्ये बरोबर १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले, मस्त चालली गाडी. अकरानंतर ट्रॅक फाटला, वळणाआधी जिथे सगळे ब्रेक मारतात तिथे मातीच्या लाटा उठल्या, आणि हँडल असं काही आपटायला लागलं की मनगटं गेली. मी काय केलं? कडक लागतंय ना, मग हवा सोड. पंप लावला तर आकडा १५८ च्या आसपास. म्हटलं बघा, हवा वाढलीये, हेच कारण. सोडली, १४२ वर आणली. पुढच्या दोन राऊंडला लाटांवर अजूनच कडक, आणि टेबलटॉप, म्हणजे सपाट माथ्याची उडी, थोडा कमी पडला तिथे फोर्क तळाला ठक्क करून बसला आणि मी हँडलवर. दात शाबूत राहिले हे नशीब. पुढच्या रविवारी घरी गार फोर्कला पंप लावला तर १३४! मला वाटलं हवा अडवणारं रबरी सील गेलं. सील काही गेलं नव्हतं, अक्कल गेली होती. या एका दिवसात तीन चुका आहेत आणि आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या तीन चुकाच आहेत.

आधी हवेचा स्वभाव बघू. आपला मेकॅनिक ज्याला शॉकअप म्हणतो त्यात बहुतेक वेळा लोखंडी स्प्रिंग असते, ती दाबली की प्रत्येक इंचाला विरोध साधारण सारख्याच मापाने वाढतो. हवा तशी नाही. शाळेत बॉइलचा नियम होता, आठवतो का, आकारमान अर्धं केलं की दाब दुप्पट. ठाण्याहून वाशीला सकाळची लोकल पकडणाऱ्याला नियम पाठ करायची गरजच नाही. रिकाम्या डब्यात पहिली पन्नास माणसं आत गेली तरी कुणाला कळत नाही, पण ऐरोलीला दारात लटकलेली शेवटची पाच माणसं आत ढकलायला जी ताकद लागते ती आठवा. हवेचा फोर्क तसाच, सुरुवातीला मऊ, मधे ठीक, आणि खाली गेला की भिंत.

आता माझी पहिली चूक कळेल. हवा कमी केली की फोर्क मऊ होतो हे खरं, पण मऊ झाला म्हणजे तो ब्रेक मारल्यावर जास्त खाली बसतो, आणि खाली तर भिंत आहे. म्हणजे तुम्ही लाटांवर पोचता तेव्हा फोर्क आधीच भरलेल्या डब्यात उभा असतो. प्रत्येक लाट तिथेच येऊन आपटते, तुम्हाला वाटतं कडक आहे, अजून सोडू. उलट करायचं होतं. अशा वेळी २-३ पीएसआय वाढवले तर फोर्क वर राहतो, स्ट्रोकच्या, म्हणजे दबायच्या अंतराच्या, मऊ भागात काम करतो आणि हाताला मऊ लागतो. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलेलं, मी तर पहिल्यांदा सांगणाऱ्याशी भांडलो होतो.

मग कळायचं कसं की हवा जास्त आहे की कमी? फोर्कच्या नळीवर एक रबरी रिंग असते. नसेल तर झिपटाय सैलसर बांधा, चालतं. निघताना ती वर सरकवून सीलला टेकवा आणि दोन राऊंड मारून या, तुमच्या सवयीच्या वेगाने, कुणाला दाखवायला नाही. मोटोक्रॉसच्या फोर्कला ३०० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हल (दबायचं एकूण अंतर) असतो. सगळ्यात मोठ्या उडीनंतर रिंग तळापासून १०-१५ मिलिमीटर अलीकडे थांबली तर छान. पार तळाला आणि वर ठक्क आवाज, तर हवा कमी. ६०-७० मिलिमीटर वापरलेच नाहीत, तर हवा जास्त, आता बिनधास्त सोडा. हाताला काय लागतं त्यापेक्षा रिंग काय सांगते ते ऐका, हात खोटं बोलतो, विशेषतः दमल्यावर.

दुसरी चूक उन्हाची. हवा तापली की दाब वाढतो. हिशोब सोपा आहे: गेजवरचे १५० पीएसआय म्हणजे साधारण साडेदहा बार, म्हणजे वातावरणाचा धरून साडेअकरा. सकाळचं तापमान २७ अंश, दुपारी ट्रॅकवर ऊन लागून आणि काम करून फोर्क ४२ ला गेला, तर दाब पाच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे अर्धा बार, आठेक पीएसआय. माझे १५० चे १५८ झाले ते हेच, कुणी हवा भरली नव्हती. म्हणून आकडा लावायचा तो सकाळी, सावलीत, गार फोर्कला, पुढचं चाक जमिनीवरून उचलून. दुपारी पंप लावून वाढलेला आकडा बघितला की सोडायचा हात शिवशिवतो, तो आवरा. दुपारी बदल करायचाच असेल तर गरम आकड्यावरून दोन खाली, दोन वर असा हिशोब करा आणि वहीत बाजूला 'गरम' असं लिहा.

पंपाचं पण सांगतो, इथे निम्मे लोक घाबरतात. पंप लावला की फोर्कमधली थोडी हवा नळीत शिरते म्हणून कालपेक्षा आकडा कमी दिसतो, तो लीक नव्हे. पंप काढताना जे फुस्स होतं ती बहुतेक नळीतली हवा असते. आणि दोन पंपांचे गेज कधीच सारखं बोलत नाहीत, तर मित्राचा पंप मागू नका, तुमचा एकच ठेवा. तुर्भ्याच्या पंक्चरवाल्याकडे तर अजिबात नेऊ नका, चांगला माणूस आहे पण त्याचा कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी आहे. फोर्कमधली जागा इतकीशी असते की एक दट्ट्या मारला की आकडा कुठल्या कुठे जातो. छोटा हाय प्रेशर शॉक पंप घ्यायचा, माउंटन बाईकवाले वापरतात तो, ३०० पीएसआयवाला.

अजून एक हवा आहे जी आपल्याला नकोय. फोर्क वरखाली होताना वरच्या भागात आपोआप दाब साठतो. वर बारका ब्लीड स्क्रू असतो, चाक हवेत ठेवून, फोर्क पूर्ण ताणलेला असताना तो क्षणभर उघडायचा. मुख्य हवेचा व्हॉल्व्ह वेगळा, त्याला हात लावायचा नाही, दोघांत गल्लत केलेला एक भाऊ आज इथे बसलाय, नाव घेत नाही.

किती हवा, हे सगळे विचारतात. मॅन्युअल बघा. केटीएमच्या मोठ्या एसएक्स-एफ बाईकमध्ये डब्ल्यूपी कंपनीचा एईआर फोर्क येतो, त्यात हवा फक्त डाव्या पायात आणि डॅम्पिंग, म्हणजे हालचालीचा वेग आवरणारा भाग, उजव्यात, आकडा साडेदहा बारच्या आगेमागे. पण जुन्या होंडा सीआरएफ ४५० आर मध्ये २०१३ पासून केवायबी कंपनीचा पीएसएफ फोर्क होता, त्यात ३०-३५ पीएसआयच असतात, त्यात १५० भरलेत तर देव तुमचं भलं करो. शोवाचा टॅक फोर्क असेल तर हवेचे तीन कप्पे, आतला, बाहेरचा आणि बॅलन्स, ते खरंच डोकेदुखीचं काम आहे, त्यासाठी वेगळे बसू. लोक कंटाळलेच त्याला. होंडाने २०१७ ला आणि कावासाकीने २०१९ च्या केएक्स ४५० ला परत लोखंडी स्प्रिंग आणली, यामाहा तर हवेच्या नादाला लागलीच नाही. मला विचाराल तर आपल्यासारख्यांना हवाच सोयीची. किलो-दीड किलो वजन वाचतं ते जाऊ दे, पण ५८ किलोचा पोरगा आणि ९० किलोचा त्याचा काका एकच बाईक चालवतात, लोखंडी स्प्रिंग असती तर परदेशातून दुसरी मागवायची आणि कस्टम्सवाल्याची वाट बघत बसायचं. इथे पंप मारला की झालं.

तिसरी चूक, मी हवा आणि क्लिक, म्हणजे डॅम्पिंगच्या स्क्रूचे टप्पे, एकत्र फिरवले. त्या दिवशी घाबरून कॉम्प्रेशनचे, म्हणजे फोर्क दबण्याचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूचे, पण चार क्लिक उघडले, मग कशाने काय झालं कळेना. आधी हवा रिंगवर बसवा, मगच क्लिक, आणि एका वेळी एकच गोष्ट, दोन क्लिक. क्लिक मोजायचे ते स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलकेच पूर्ण बंद करून, तिथून उलटे. हलकेच म्हणतोय, पाना घेऊन पिळू नका.

खराब ट्रॅकवर मुख्य खेळ रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याच्या वेगाचा, असतो. लक्ष द्या कुठल्या लाटेला त्रास होतो. पहिलीच लाट हाताला टोचली तर कॉम्प्रेशन दोन क्लिक मऊ करा. पहिल्या दोन छान गेल्या आणि तिसऱ्या-चौथ्यापासून फोर्क दगड झाला, तर फोर्क पॅक होतोय, म्हणजे एका लाटेतून वर यायच्या आत दुसरी येते, मग तिसरी, आणि तो खाली खाली बसत जातो. तिथे कॉम्प्रेशनला हात लावून काही होत नाही, रिबाउंड दोन क्लिक मोकळा करा. फार मोकळा झाला की उडीनंतर पुढचं चाक चेंडूसारखं उसळतं, तिथून एक परत.

आणि हे सगळं करूनही जमेना तर मागे बघा. मागचा सॅग, म्हणजे हेल्मेट-बूट घालून तुम्ही बसल्यावर मागची बाजू जितकी खाली बसते तो, १०० ते १०५ मिलिमीटर असावा. मागची बाजू उंच राहिली तर सगळा भार पुढे येतो आणि बिचारा फोर्क नुसता डुबक्या मारतो. पुढचं चाक बसवताना सुद्धा, एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट आवळला की त्याला पकडणारे खालचे पिंच बोल्ट आवळायच्या आधी फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा, मग दोन्ही पाय आपापल्या जागेवर बसतात. हे केलं नाही तर फोर्क घासत चालतो आणि तुम्ही महिनाभर क्लिक फिरवत बसता. कर्जत-पनवेलकडची लाल माती सीलच्या ओठात जाऊन बसते, ती जुन्या फोटोच्या रीळच्या पट्टीने काढा, घरी आईच्या कपाटात मिळेल, लग्नाची निगेटिव्ह मात्र नको.

हो, ठाण्याच्या येऊरबद्दल कुणीतरी विचारलं मघाशी. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे सेटिंग बघायला जायचं नाही, विषय संपला.

तुमचा प्रश्न काय, ताई? मुलाची ५० एसएक्स, केटीएमची लहान मुलांची बाईक, आहे? अहो, त्यात पण डब्ल्यूपीचा हवेचाच फोर्क आहे, ३५ मिलिमीटरचा, तत्त्व हेच लागू, आकडे मात्र त्याच्या मॅन्युअलमधले. आणि अजून एक फरक, तुमचा मुलगा वाढतोय. वजन मोठ्यांचं सुद्धा वाढतं, पण आपण मान्य करत नाही. मुलाचं दर दोन-तीन महिन्यांनी काट्यावर बघा, हेल्मेट-बूट घालून, आणि मॅन्युअलमधल्या तक्त्यात त्या वजनापुढचा आकडा बघून हवा वाढवा. पँट आखूड व्हायला लागली की समजायचं फोर्क पण आखूड पडतोय. बाईक आणलीये का सोबत? गाडीतून उतरवून सावलीत ठेवा आधी, अर्ध्या तासाने पंप लावू.