केकवरचा खिलार

(दृश्य: सांगली, विश्रामबाग. दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. फ्रिजच्या दारावर चिकटवलेला कागद.)

शनिवार, जेसीबी, एक किलो चॉकलेट. शनिवार, पोलीस, दीड किलो बटरस्कॉच, खाली अंडरलाइन करून लिहिलंय "मिशी पाहिजेच". रविवार, द्राक्षबाग, दोन किलो. त्याच्या खाली रविवार, बैल, आणि बैलापुढं किलोच लिहिलेला नाही.

हा कागद ज्यांच्या फ्रिजवर आहे त्या ताई घरूनच केक करतात, आणि केकपेक्षा जास्त वेळ त्यांचा केकवरच्या बाहुल्यांत जातो. आता व्हिडिओ बघताय तर आधीच सांगून टाकतो, इथं रेसिपी बिसिपी काही नाही, केक कसा फुगवायचा ते सांगणारे यूट्यूबवर ढीगभर आहेत. आम्हाला बघायचं होतं ते हे, की साखरेच्या एका गोळ्यातून बैल उभा राहतो तो नेमका कसा, आणि मग त्याचे पैसे कुणी किती द्यायचे.

(दृश्य: ओट्यावर पांढरा गोळा, हाताची बोटं.)

हे फॉन्डंट. म्हणजे सगळी साखरच की ओ. एकदम बारीक दळलेली साखर, त्यात ग्लुकोज, ग्लिसरीन, जरा डालडा, आणि सगळं धरून ठेवायला जिलेटिन नाहीतर दुसरा कुठला तरी डिंक. जिलेटिन जनावराचं असतं, त्यामुळं आपल्याकडं पहिला प्रश्न हाच येतो की व्हेज आहे का, म्हणून ताई डब्यावरचा हिरवा ठिपका बघूनच आणतात. नुसतं फॉन्डंट मऊ असतं, केकवर चादर घालायला ठीक, पण त्याचा माणूस केला तर तासाभरात गुडघ्यात वाकतो. म्हणून त्यात घालायची सीएमसी पावडर, म्हणजे खाण्यातलाच एक डिंक. पाव किलोला साधारण एक चमचा, मळायचं, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवून द्यायचं, मग ते ताठ होतं आणि वाळल्यावर कडक. हीच पावडर पाण्यात घोळली की चिकटवायचा गोंद तयार, तोही खाण्यातलाच. हवा लागली की वरून साय धरल्यासारखं सुकतं आणि सुरकुत्या पडतात, म्हणून बाकीचा गोळा कायम झाकलेला, हात चालू असतो तेवढाच तुकडा बाहेर.

आता जेसीबी. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पिवळा रंग, चौकोनी तुकडे, चाकं काळी, पोरं खूश. सांगली-साताऱ्याकडं दोन-चार वर्षांच्या पोराचा वाढदिवस म्हणजे जेसीबी नाहीतर ट्रॅक्टर, हे ठरलेलंच आहे. ताईंना तो करताना कंटाळा येतो हे त्यांच्या तोंडावर दिसतं. फक्त चाकांचं एक सांगण्यासारखं आहे, पांढऱ्यात रंग घालून काळं करायला गेलं तर एवढा रंग जातो की गोळा पचपचीत होतो आणि चव कडू, त्यापेक्षा आधीच काळं मिळतं ते आणायचं किंवा चॉकलेटी घेऊन त्यावर थोडा काळा चढवायचा. लाल रंगाचीही तीच रड, पण लाल रात्रभर ठेवला की आपोआप गडद होतो, त्यामुळं आदल्या दिवशी जरा फिकाच ठेवायचा.

(दृश्य: बैलाचं धड. कुरमुऱ्यांची परात.)

बैल मात्र त्या मन लावून करतात. माहेर आटपाडीचं, म्हणजे माणदेश, खिलार जनावराचा मुलूख. लहानपणी बेंदराला कुंभाराकडून मातीची बैलजोडी घरी यायची ती पुजायची, त्यामुळं बैलाचं अंग कुठं भरतं आणि कुठं आत जातं हे डोळ्यात बसलेलं.

एवढा मोठा बैल पूर्ण फॉन्डंटचा केला तर स्वतःच्याच वजनानं खाली बसतो. म्हणून पोटात कुरमुरे. वितळवलेल्या व्हाइट कंपाउंडमध्ये, म्हणजे बेकरीवाले वापरतात त्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये, कुरमुरे घालायचे, मुठीत दाबून दाबून धडाचा आकार द्यायचा, फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचा. बाहेरच्या देशात यासाठी तांदळाचं सिरियल आणि मार्शमेलो वापरतात, सांगलीत कुरमुऱ्यांना काय तोटा. त्यावर फॉन्डंटचा पातळ थर, आणि मग बोटानं घासत बसायचं, जोड दिसेनासा होईपर्यंत. वशिंड वेगळं लावायचं. गळ्याखालची पोळी पण वेगळी, आणि तिला टूथपिकनं आडव्या घड्या. चार पाय दोन दिवस आधीच करून वाळत ठेवलेले, आत कच्ची स्पगेटी घालून, कारण टूथपिक पोराच्या तोंडात गेली तर भलतंच व्हायचं, स्पगेटी मोडली तरी खाण्यातलीच वस्तू.

आणि शिंगं. इथं कॅमेरा जवळ घ्या.

खिलारची शिंगं बुडाशी जवळ जवळ उगवतात, मागं जातात, मग बाक घेऊन वर, टोकाला सुईसारखी. हळदीच्या कांड्याएवढा तुकडा ताई तळहातावर फिरवतायत, एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला नुसता स्पर्श, तो निमुळता होत जातो, मग एका वाटीच्या कडेवर टेकवून बाक देतात आणि तसाच वाटीवर सोडून देतात वाळायला. वाटीवर चार शिंगं आहेत. बैल एकच. "दोन मोडणारच की," ताई म्हणाल्या, "आणि उरलेल्या दोघांची जोडी जमली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतंय ह्यो आमचा बैल न्हाई."

हे गिऱ्हाईक शर्यतीवालं आहे. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीला अटी घालून वाट मोकळी केली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून मैदानं परत भरायला लागली आणि जिंकलेल्या बैलाचा फ्लेक्स, बैलाचा वाढदिवस, बैलाचा केक हे सगळं जोरात सुरू झालं. हसू नका. केक माणसंच खातात, बैलाला त्या दिवशी जादा पेंड मिळते.

फोटो सोळा पाठवलेत, त्यातले चौदा मालकाचे बैलासोबत. ताईंनी त्यातून एवढंच काढलं, कपाळावर एक करडा डाग आहे, डाव्या शिंगाचं टोक जरा बोथट आहे, आणि गळ्यात गोंड्यांचा लाल पट्टा. बास. हे तीन जमले की बैल ओळखू येतो. माणसांचंही असंच असतं बरं का. बोटाएवढ्या तोंडावर कुणाचा हुबेहूब चेहरा येत नाही, यायची अपेक्षाही करू नये, पण आजोबांचा चष्मा नाकावर खाली आलेला दाखवला, पोलिसाची मिशी वर वळवली, आज्जीच्या नऊवारीचा काष्टा नीट घातला, की घरचे लगेच ओरडतात अगं हे तर सेम! लहान पोर करायचं तर डोकं मोठं, म्हणजे उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, डोळे मध्यापेक्षा खाली आणि लांब लांब, मग ते गोड दिसतं. रंगाच्या बाबतीत मात्र ताईंचं आणि गिऱ्हाइकांचं कायम वाजतं. "जरा गोरं करा ना", हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलंय की आता त्या ऐकूनच घेत नाहीत, फोटोत पोरगी सावळी आहे तर सावळीच करतात, आणि माझ्या मते बरोबर करतात. सावळ्या रंगात जी मजा आहे ती त्या बाजारी गुलाबी रंगात नाही.

(दृश्य: हिरव्या गोळ्यांचा घड.)

द्राक्षबागेचा केक हा खास आपल्या भागातला प्रकार. तासगाव, मिरज, कवठे महांकाळकडचा बागायतदार असला की वेलीचा मांडव, खाली लोंबणारे घड, एका कडेला औषधाचा ब्लोअर. दिसायला सोपं वाटतं, हिरव्या गोळ्या वळा आणि चिकटवा. पण बागायतदारापुढं द्राक्ष ठेवणं म्हणजे परीक्षाच. एकानं मागच्या सीझनला केक बघून काय म्हणावं, "मॅडम, हे सोनाका म्हणताय, पण मणी तर गोल झालाय, सोनाका लांबडं असतंय." तेव्हापासून ताई आधी विचारतात, बाग कुठल्या जातीची, थॉमसन का सोनाका. आता या घडाकडं बघा, वरचे मणी मोठे, खाली बारीक होत गेलेले, आणि त्यावर कोरड्या ब्रशनं कॉर्नफ्लॉवरचा अगदी हलका हात. खऱ्या द्राक्षावर तो पांढुरका थर असतो ना, हात लावला की पुसला जाणारा, तो आला बघा.

आता पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत हवेचा काय घाम निघतो हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. साखर हवेतलं पाणी ओढते, ग्लिसरीन तर त्याच कामासाठी घातलेलं असतं, त्यामुळं पावसाळ्यात बाहुली वाळतच नाही, रात्री कडक वाटलेला हात सकाळी लोंबकळतो. मग बेडरूमचा एसी बाहुल्यांसाठी चालू आणि घरचे हॉलमध्ये पंख्याखाली. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, बुटाच्या खोक्यात मिळतात तसल्या, पण वेगळ्या आणून, बाहुलीला न चिकटतील अशा. फ्रिजमध्ये मात्र बाहुली कधीच नाही. आत ठीक राहते, पण बाहेर काढली रे काढली की गार अंगावर बाष्प धरतं, चकचकीत चिकट होते आणि मिशीचा काळा रंग गालावर ओघळतो.

इथंच खरी गोची होते, कारण आपल्याकडं केक व्हिप क्रीमचा लागतो आणि व्हिप क्रीमचा केक फ्रिजशिवाय राहत नाही. वरून क्रीम म्हणजे ओल, फॉन्डंट त्यावर बसवलं की खालून विरघळायला सुरुवात. ज्यांना अख्खी चादर हवी त्यांना ताई गनाश लावून देतात, उन्हाळ्यात चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, घट्ट. बाकीच्यांना बाहुली वेगळ्या डब्यात, तिच्या पायाखाली छोटा बोर्ड, केकमध्ये आधीच रोवलेले जाड स्ट्रॉ, म्हणजे बैलाचं वजन स्पंजवर न येता स्ट्रॉवर येतं. बाहुली केकवर कापायच्या आधी अर्धा तासच ठेवा, असं फोनवर तीनदा सांगायचं. तरी कुणीतरी सकाळीच ठेवतं.

साखरेची खेळणी आपल्याला नवीन नाहीत. पाडव्याला गुढीवर साखरेची गाठी चढते, साच्यात पाक ओतून दोऱ्यात ओवलेली. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने, आणि तो काटेरी हलवा करायचा म्हणजे मंद आचेवर थेंब थेंब पाक घालत तासन् तास हात फिरवत बसायचं काम. तिकडं इंग्लंडात 1840 साली व्हिक्टोरिया राणीच्या लग्नाचा केक जवळजवळ 300 पौंडांचा होता, म्हणजे 136 किलोच्या आसपास, आणि वर साखरेची ब्रिटानिया नवरा-नवरीला आशीर्वाद देत उभी, नवरा-नवरी जुन्या रोमन कपड्यांत, पायाशी कुत्रा आणि कबुतरं. राणीच्या केकला किलोचा भाव कुणी विचारला नसणार.

इकडं विचारतात ना. फोन आला की पहिलं वाक्य, "ताई, थीम केक किलोला काय बसंल?" आणि सगळं दुखणं तिथंच आहे. किलोचा भाव स्पंजचा निघतो, क्रीमचा निघतो. कुरमुऱ्याच्या पोटाचा बैल वजनाला तसा हलकाच, पण त्याच्यात तीन संध्याकाळी गेल्यात आणि दोन शिंगं मोडलीत. गिऱ्हाईक म्हणतं, एवढीशी तर बाहुली आहे. एकानं तर हिशोब मांडून दाखवला म्हणे, फॉन्डंटचा डबा एवढ्याला, त्यातलं एवढं लागलं, मग तुमचे एवढे कसे? खूप वर्षं ताई हे भांडण नको म्हणून बाहुली केकच्या भावातच धरायच्या, म्हणजे जवळजवळ फुकट. गेल्या दिवाळीपासून बिल दोन ओळींत लिहितात. पहिली ओळ, केक, किलोवर. दुसरी ओळ, मूर्ती, नगावर. साधा नग, अवघड नग, आणि चार पायांचा नग. नातेवाईक सगळ्यात जास्त घासाघीस करतात, हे वेगळं सांगायला हवं का? काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. ती आता फोटो प्रिंट केलेला टॉपर खोचून घेतात, चालायचंच, तोही धंदा आहे कुणाचा तरी.

(दृश्य: रविवार दुपार. जिन्यावरून दोन खोकी खाली जातायत.)

बैल स्कूटीवर जाणार नाही, कारण शंभर फुटी रस्त्यापर्यंतच शिंगांचा निकाल लागेल. मालकाचा भाऊ गाडी घेऊन आलाय. ताई खोकं त्याच्या मांडीवर देतात, सीटवर नाही. एसी लाव, उन्हात ठेवू नको, गुलाबी आणि जांभळा रंग उन्हानं उडतो, लाल पट्टाही फिका पडंल. आणि कार्यक्रम झाल्यावर बैल खाऊ नका, आत व्हाइट कंपाउंड आहे, लवकर नाही बिघडत पण आठ दिवसांनी खायची वस्तू नव्हे ती. ठेवायचा तर काचेच्या डब्यात, झाकण घट्ट, नाहीतर मुंग्या पहिल्यांदा पोटातच शिरतात.

बुधवारी आम्ही राहिलेलं शूटिंग करायला परत गेलो तेव्हा ताई फोनवर होत्या, स्पीकर चालू, हात पिठात. पलीकडं खटाव तालुक्यातला कुणीतरी, स्टेटसला बैल बघून नंबर मिळवलेला.

"ताई, त्यो बैल तुमीच केलाय न्हवं? तसलाच पायजे. जोडी."

"करून देते की. केक किती किलोचा धरू?"

"केक कशाला? निस्ती जोडी द्या. काय पैशे हुतील ते सांगा."

ताईंनी फोनकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि नगावर आकडा सांगितला. दुप्पट नाही, दुपटीच्या वर. जोडीची शिंगं एकमेकाला जुळवावी लागतात.