नागानो १९९८ : विसाव्या क्रमांकापासून आठव्या सुवर्णापर्यंत

जपानमधलं हाकुबा, फेब्रुवारी १९९८. नागानो हिवाळी ऑलिंपिकमधली क्रॉस-कंट्री स्कीइंगची (बर्फावरून स्कीनं लांब पल्ला कापण्याची) ३० किलोमीटरची शर्यत, क्लासिक शैली, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून पुढे जाणं. नॉर्वेचा ब्यॉर्न डॅली तीस वर्षांचा आहे. आल्बेरव्हिल (१९९२) आणि लिलेहामर (१९९४) ही आधीची दोन ऑलिंपिक मिळून पाच सुवर्णपदकं आधीच खात्यात. आज तो येतो विसावा.

घात केला मेणानं. क्लासिक स्की मधोमध किंचित कमानदार असते. पुढच्या-मागच्या भागाला घसरणीचं मेण लावतात, बुटाखालच्या पट्ट्याला पकडीचं. एका पायावर सगळा भार टाकला की कमान दबते, पकडीचं मेण बर्फाला धरतं आणि मागे रेटा देता येतो. भार हलला की कमान पुन्हा वर, आणि स्की सुटते. कोरड्या, थंड बर्फाला कडक मेण चालतं. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाला ट्यूबमधून पिळायचं चिकट क्लिस्टर लागतं. सगळ्यात पंचाईत होते ती शून्य अंशाच्या आसपास, ताजा बर्फ असताना. मेण जरा मऊ पडलं तर कण रुतून तळाला बर्फाचे गोळे धरतात. जरा कडक झालं तर चढावर पाय मागे सटकतो. मग फुप्फुसं कितीही दमदार असोत, काही उपयोग नाही.

१२ फेब्रुवारी, १० किलोमीटर. या वेळी स्की जुळते. डॅली २७ मिनिटं २४ सेकंदांत पहिला, आणि मग अंतिम रेषेपाशीच थांबतो. सुमारे वीस मिनिटांनी शेवटचा स्पर्धक येतो, केनियाचा फिलिप बोइट. डॅली त्याला मिठी मारतो. बोइटनं पुढे आपल्या मुलाचं नाव डॅली ठेवलं.

डॅलीची एक उणीव मात्र होती : अखेरच्या शंभर मीटरांतली धाव. लिलेहामरला, घरच्या प्रेक्षकांसमोर, रिलेत इटलीच्या सिल्व्हिओ फाउनरनं त्याला ०.४ सेकंदानं हरवलं होतं. नागानोत पाठलाग शर्यतीतही (आधीच्या शर्यतीत जितका फरक, तितक्या अंतरानं स्पर्धकांना सोडायचे) त्याच्याच संघातला थॉमस आल्सगॉर जेमतेम सेकंदभरानं पुढे गेला. म्हणून रिलेत डॅली तिसऱ्या टप्प्यावर आणि शेवटी आल्सगॉर. समोर पुन्हा फाउनर. नॉर्वे ०.२ सेकंदानं जिंकला. सुवर्ण इतकं निसटतं असताना, संघातल्या सर्वांत मोठ्या नावाला शेवटचा टप्पा न देणं हा आमच्या मते त्या ऑलिंपिकमधला सर्वांत शहाणा निर्णय.

राहिली ५० किलोमीटर, फ्री शैली, म्हणजे स्केटिंगसारखे तिरपे रेटे देत जाणं. तेव्हा या शर्यतीत एकेकाला ठरावीक वेळेच्या अंतरानं सोडायचे. प्रतिस्पर्धी दिसायचाच असं नाही. आपण पुढे की मागे, हे कळायचं ते वाटेत उभ्या प्रशिक्षकांच्या ओरडण्यातून. दोन तास पाच मिनिटांनंतर स्वीडनच्या निक्लास यॉनसनपेक्षा डॅली ८.१ सेकंदांनी सरस ठरतो आणि रेषेपलीकडे बर्फातच कोसळतो. ऑलिंपिकमधलं आठवं सुवर्ण. चार रौप्यं धरून एकूण बारा पदकं, त्यात कांस्य एकही नाही.

ऑगस्ट १९९९मध्ये, चाकांच्या स्कीवर उन्हाळी सराव करताना तो पडला. पाठीची दुखापत बरी झाली नाही. २००१मध्ये त्यानं निवृत्ती घेतली. त्याच्या नावाचे स्कीइंगचे कपडे नॉर्वेत आजही विकले जातात.