फॉल-पिको झालेली साडी परत होते का?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, कापडपेठेतून घ्या नाहीतर विट्याच्या बाजारातून, बऱ्याच बिलांच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ती वाचून गिऱ्हाईक गप बसतं, एवढाच तिचा उपयोग. मालात दोष असेल तर त्या ओळीला काडीची किंमत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा २०२० च्या जुलैपासून लागू आहे. त्याच्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायचे.

मी बरीच वर्षं कापडाच्या दुकानात साड्या दाखवायचं काम केलं, आता लोकांचे तक्रारअर्ज लिहून देतो. त्यामुळे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंचं बोलतो.

आधी दोष कशाला म्हणायचं ते बघू. रंग डोळ्यांत भरला नाही, जाऊबाईंनी तशीच घेतली, घरी आल्यावर मन फिरलं, हा दोष नव्हे. तेव्हा दुकानदारानं बदलून दिलं तर तो त्याचा चांगुलपणा. एका धुण्यात कुडता चार बोटं आटला, शिवण उसवली, रंग बाकीच्या कपड्यांना लागला, तर तो दोष. पण 'पहिल्या धुण्याला रंग जाईल, वेगळी धुवा' असं सांगून दिलेल्या बांधणीचा रंग गेला, तर भांडण उभं राहत नाही. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडे भिजलेला माल पडत्या भावात निघाला होता, आठवतंय ना? पुरातला माल म्हणून सांगून विकला, तर डागाची तक्रार करता येत नाही. तोच माल धुऊन, इस्त्री मारून, नव्या घडीत पूर्ण किमतीला दिला तर ती सरळ फसवणूक.

आता नेहमीचा तंटा. सिल्कची साडी घेतली, फॉल-पिको केलं, एका बारशाला नेसली. बसता-उठता कमरेपाशी वीण सरकली. नीट बघा, तिथं धागा तुटलेला नसतो, नुसता बाजूला झालेला असतो आणि मधे जाळी दिसते. दुकानदार म्हणतो, "वहिनी, फॉल लावला, आता आम्ही काय करणार?" अहो, साडीला फॉल लावायचा नाही तर काय करायचं? नेसल्याशिवाय जो दोष दिसतच नाही, तो नेसल्यावरच सांगणार ना!

पण दुकानदार काय बघतो तेही सांगतो. साडी हातात आली की तो पहिल्यांदा पदर नाही, फॉल उलटा करून बघतो. एकदा नेसलेल्या साडीच्या फॉलला खालच्या कडेला धुळीची पुसटशी रेघ असते. पाच-सहा वेळा नेसली की ती करडी होते आणि धुतली तरी पुरती जात नाही. मग काखेचा वास, हळदीचा डाग. लग्नात मिरवून सोमवारी 'खराब निघाली' म्हणून साडी आणणारी मंडळीही असतात, आणि त्यांच्यामुळं खऱ्या गिऱ्हाइकाकडं संशयानं बघितलं जातं. तुमची साडी खरंच एकदाच नेसलेली असेल तर तो फॉल तुमचाच साक्षीदार. तेव्हा दोष दिसला की धुऊ नका, रफू करू नका. उजेडात फोटो काढा, लेबल जपून ठेवा. उद्या ग्राहक आयोगाला वाटलं तर कापड प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येतं. रफू केलेल्या जागेत काय तपासणार?

दुकानदार म्हणतो, "माझं नुकसान होतंय." प्रत्येक वेळी तसं नसतं. दोषी माल तो सुरतेच्या, इचलकरंजीच्या पार्टीला, म्हणजे माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला, परत लावतो आणि तेवढी रक्कम हिशेबात वळती करून घेतो. सगळ्याच पार्ट्या ऐकतात असं नाही, आणि कटपीसवाल्या छोट्या दुकानदाराला तर कुणी विचारतही नाही. पण ते भांडण त्याचं आणि पार्टीचं. तुम्ही माल दुकानातून घेतलाय.

आपलं खरं अडतं ते भिडेनं. दुकान ओळखीचं, काका वडिलांच्या वेळचे, कसं मागायचं? भीड भिकेची बहीण, हे म्हणायला सोपं. मग ते चिठ्ठी देतात: "सहा महिन्यांत काहीही घेऊन जा." तुम्हाला चालत असेल तर खुशाल घ्या. नको असेल तर "काका, पैसेच द्या, जीएसटीसकट" असं म्हणायला लाजू नका. जाताना रविवारी संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नका, सकाळी मालक गल्ल्यावर असताना जा. कपडा दुकानात ठेवून यायचा असेल तर पावती घ्या.

नाहीच म्हणाले तर लेखी द्या. घेतल्याची तारीख, किंमत, दोष काय, कधी दिसला, काय हवंय, एवढंच. शिव्याशाप नकोत. त्यानंतर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथंही मिटलं नाही तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइन घेतलं असेल आणि कंपनी बेंगळुरूला असली तरी तक्रार तुम्ही राहता तिथं, म्हणजे सांगलीतच करता येते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती.

मागून एका ताईंनी विचारलंय, बिलच नसेल तर? फोनवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंद दाखवा, दुकानाचं नाव छापलेली पिशवी, किमतीचं लेबल, जे असेल ते. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा आहे. "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल" असं कुणी म्हणालं, तर "लावा" म्हणा. अडीच हजारांच्या आतल्या कपड्यावर किती वाचणार? आणि वीण सरकली की मग हातात काय राहणार?