गाव कुठलं, मायर?

(पडद्यावर: चर्चच्या वहीचं पिवळं पान, तपकिरी शाईतली एक ओळ)

या ओळीत एक आडनाव आहे. सापडतंय का बघा.

दोन तिरप्या रेघा दिसतात ना, ते ‘ई’ हे अक्षर. पण ‘एन’ही जवळपास तसंच. ‘यू’ ओळखायचं ते डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. ही कुरेंट लिपी. आपल्याकडे जुनं दप्तर सोडलं की मोडी आडवी येते, तशी जर्मनीत ही. पणजोबांचं पत्र वाचायला तिथेही आधी लिपी शिकावी लागते.

नाव आहे मायर. स्पेलिंग अनेक तऱ्हांचं: कुठे आय, कुठे वाय, कुठे ई, कुठे ए. देवनागरीत आणलं की सगळे भेद मिटतात!

मूळ शब्द लॅटिन ‘मायोर’, म्हणजे थोरला. मध्ययुगात सरदाराच्या किंवा मठाच्या जमिनीवरचा कारभारी तो मायर. कुळांकडून धान्य, कोंबड्या गोळा करायच्या आणि धन्याला पोचवायच्या. खोत आठवला असेल. पुढे कारभार सुटला, पण मोठी वाडी कसणाऱ्याला नाव चिकटलं ते चिकटलंच. असे मायर गावोगाव होते, त्यामुळे दोन मायर भेटले म्हणून भाऊबंद ठरत नाहीत. कित्येक ज्यू घराण्यांतला मायर तर हिब्रू ‘मेईर’वरून आलेला: प्रकाश देणारा.

तेव्हा आडनाव राहू द्या, आधी गाव विचारा. जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद प्रशियात १८७४ साली आणि सगळ्या जर्मन साम्राज्यात १८७६ साली सुरू झाली. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत. कॅथलिकांना बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेनं सक्तीची केली. पण १६१८ ते १६४८ च्या युद्धात कितीतरी वह्या जळाल्या, आणि अनेकांची वंशावळ तिथेच तुटते.

खरी गुंतागुंत जर्मनीच्या वायव्येकडच्या वेस्टफालियात. तिथे आडनाव वाडीचं. मायरांच्या वाडीवर श्मिटांचा मुलगा घरजावई म्हणून आला की तोही मायर, मुलंही मायर. विधवेनं दुसरं लग्न केलं, तर नवा नवराही मायर! पाद्री वहीत लिहायचा, ‘श्मिट गेनान्ट मायर’. मायर म्हणवला जाणारा श्मिट. हा ‘गेनान्ट’ नजरेतून सुटला, की भलत्याच कुणाच्या खापरपणजोबांना आपण आपले समजून बसतो.

बायकांच्या नावांना शेवटी ‘इन’ लागलेला दिसेल, मायरिन, म्युलरिन. गोंधळू नका, आडनाव तेच. आणि पाद्रीबुवांना लॅटिनची हौस असली, तर मायरचा ‘विलिकुस’ झालेला सापडतो.

(पुन्हा तीच ओळ, आता अगदी जवळून)

नवऱ्याच्या नावाशेजारी बघा. बारीक अक्षरात ‘गेन’ आणि पुढे टिंब. गेनान्ट.

म्हणजे वाडी बायकोची. हा मूळचा कुठला, ते शोधायला आता दुसरी वही काढायची.