एक दिवस कमी मागताना

(एका व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी साहेबांसमोर म्हणायचं वाक्य मनात घोळवून ठेवलं असणार : "मला आठवड्यातला एक दिवस कमी हवा आहे." मी आज ते वाक्य बदलायला सांगायला आलोय. ते ऐकताच समोरच्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, की त्या दिवसाचं काम कोण करणार? तुमच्याकडे उत्तर नसलं, की ते शोधण्याचं काम त्याच्यावर येतं. त्यापेक्षा 'जमणार नाही' म्हणणं त्याला सोपं.

आधी नक्की काय हवंय ते ठरवा. बेल्जियमने 2022 मध्ये चार दिवसांच्या आठवड्याला कायद्याने वाट करून दिली, पण तिथे तास तेवढेच राहतात. पाच दिवसांचं काम चार लांबलचक दिवसांत उरकायचं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 61 कंपन्यांनी पगार तोच ठेवून तास कमी करण्याचा प्रयोग केला. बातम्या या दुसऱ्या प्रकाराच्या येतात, म्हणून लोक तीच अपेक्षा घेऊन केबिनमध्ये शिरतात. तिथे तो निर्णय कंपनीने सगळ्यांसाठी घेतला होता. एकटा माणूस मागायला जातो, तेव्हा बहुतेक वेळा तास आणि पगार दोन्ही कमी होतात.

ब्रिटनच्या कायद्यात एक फार कामाची यादी आहे. तिथे एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच कामाच्या वेळा बदलून मागता येतात, बारा महिन्यांत दोनदा, आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो नकार देऊ शकतो, पण ठरवून दिलेल्या आठ कारणांपैकी एखादं दाखवूनच : खर्च वाढेल, ग्राहकांची गरज भागणार नाही, असलेल्या माणसांत काम वाटता येणार नाही, नवा माणूस मिळणार नाही, कामाचा दर्जा घसरेल, कामगिरी खालावेल, तुम्ही मागताय त्या वेळेत पुरेसं काम नसेल, किंवा कंपनीत फेरबदल ठरलेले आहेत. तुमच्या देशात असा कायदा असो वा नसो, ही यादी जवळ ठेवा. जगातल्या कुठल्याही साहेबाच्या मनातल्या शंका साधारण याच असतात. 'एकाला दिलं की सगळे मागतील' ही तेवढी त्यात नाही, पण तीही असतेच!

या शंकांना उत्तर म्हणून एक कागद तयार करा. महिनाभर आपण काय काय करतो ते लिहा, अगदी कुणीही न वाचणाऱ्या साप्ताहिक अहवालासकट. मग प्रत्येक कामापुढे लिहा : हे माझ्याकडेच राहील, हे अमक्याकडे जाईल (त्याला आधी विचारून!), हे पंधरवड्यातून एकदा केलं तरी चालेल, हे बंदच करावं. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले, तर अर्ज देऊ नका. कारण मग काम पाच दिवसांचं राहणार आणि पगार तेवढा चार दिवसांचा होणार. अर्धवेळ काम घेतलेल्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच असते, आणि ती मंजुरीनंतर सुरू होते.

पैशांचा हिशेब थोडक्यात. 40 तासांचे 32 झाले आणि पगार 20 टक्क्यांनी उतरला, तर तासाचा दर तोच राहिला. उत्पन्नाबरोबर कराचा दर चढत जातो तिथे हातात येणारी रक्कम साधारणपणे 20 टक्क्यांपेक्षा थोडी कमीच घटते. मात्र निवृत्तीसाठी साठणारी रक्कम, बोनस आणि भरपगारी रजा यांचं काय होईल ते लेखी विचारून घ्या. लोकांना ते वर्षभराने कळतं.

कारण सांगायचं का, असं नेहमी विचारतात. एका ओळीत सांगा आणि थांबा. लांबलचक कारण दिलं, की चर्चा तुमच्या घरच्या अडचणी खऱ्या किती यावर जाते. राजीनाम्याचा इशारा तर खिशात दुसरी नोकरी असल्याशिवाय देऊच नये.

तीन महिने करून पाहू म्हणा. कायमचा बदल मान्य करायला साहेब कचरतो, तात्पुरता करतो. पण त्या तीन महिन्यांनंतर काय, हे आधीच लिहून घ्या. जर्मनीत तास कमी करून मागण्याचा हक्क 2001 पासून आहे, पण कमी केलेले तास पुन्हा वाढवून मिळण्याची खात्री नव्हती. त्यात कितीतरी जण, विशेषतः स्त्रिया, अडकून पडल्या. म्हणून 2019 पासून तिथे 45 पेक्षा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून मुदतीनंतर मूळ वेळेवर परत येता येतं. तुमच्याकडे असा कायदा नसेल, तर परतीची तारीख अर्जातच टाका, आणि मंजुरीच्या पत्रात ती उतरली आहे का ते सही करण्याआधी पाहा.